हद्दपार आईबाप आणि एकवीस वर्षांची अट

श्रोतेहो, नमस्कार. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातलेही काही जण होते. त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांची चर्चा देशभर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र हद्दपार झालेल्या ज्या आईबापांची मुले तिकडेच राहतात, त्यांना ती मुले पुन्हा केव्हा आणि कशी भेटणार, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

मूल अमेरिकेचे नागरिक आहे म्हणजे आईबापांना अभय मिळाले, असे अनेकांना वाटते. वास्तविक आईवडिलांना अमेरिकेत कायम राहता यावे यासाठी याचिका करण्याचा हक्क त्या मुलाला वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तेव्हा मात्र कायदा उदार दिसतो, कारण नागरिकाच्या आईवडिलांना तो निकटचे आप्त मानतो आणि त्यांच्या ग्रीन कार्डांवर, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यांवर, वार्षिक संख्येची मर्यादा घालत नाही.

या उदारपणाला खरी खीळ घातली ती १९९६ च्या कायद्याने. बेकायदा वास्तव्य सलग १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाहून कमी असेल, तर देश सोडल्यापासून ३ वर्षे, आणि वर्ष किंवा अधिक असेल, तर १० वर्षे प्रवेशबंदी होते. हद्दपारीच्या आदेशाची बंदी वेगळी असते आणि ती प्रकरणानुसार ५, १० किंवा २० वर्षांची, तर गंभीर गुन्ह्यात कायमची असते. समजा, व्हिसा संपल्यावर अनेक वर्षे राहिलेली एक आई २०२५ मध्ये हद्दपार झाली आणि तिच्यावर १० वर्षांची बंदी आली. मुलगा १५ वर्षांचा असेल, तर तो २०३१ मध्ये २१ वर्षांचा होईल, पण आईची बंदी २०३५ पर्यंत राहील. मुलगा ३ वर्षांचा असेल, तर बंदी २०३५ मध्येच संपेल, पण याचिकेसाठी २०४३ उजाडेल.

बेकायदा वास्तव्याच्या बंदीतून सूट मागता येते, परंतु त्यासाठी अर्जदाराच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना अतोनात त्रास होईल, हे सिद्ध करावे लागते. मुलाचे हाल या हिशेबात स्वतंत्रपणे धरलेच जात नाहीत. याउलट, हद्दपारीपूर्वी इमिग्रेशन न्यायाधीशासमोर आदेश रद्द करण्याची विनंती करताना नागरिक मुलाला होणारा असाधारण त्रास विचारात घेतला जातो. त्यासाठी १० वर्षांचे सलग वास्तव्य आणि चांगली वर्तणूक लागते, आणि देशभरात वर्षाला जास्तीत जास्त ४,००० जणांनाच ही सवलत मिळते. म्हणजे आई देशात असेपर्यंत मुलाच्या दुःखाला कायद्यात जागा आहे, आणि ती गेल्यावर, जेव्हा ते दुःख प्रत्यक्ष सुरू होते, तेव्हा ती जागा उरत नाही. हा उफराटा न्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून हद्दपारीच्या सुनावणीची तारीख चुकवू नये, कारण गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध हद्दपारीचा एकतर्फी आदेश निघतो. ‘स्वेच्छेने निघून जा, सगळे मिटेल’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. दिलेल्या मुदतीत निघाल्यास हद्दपारीच्या आदेशाची बंदी टळते, बेकायदा वास्तव्याची टळत नाही. आणि मुलांच्या ओढीने पुन्हा चोरून सीमा ओलांडणाऱ्यावर तर कायमची बंदी येते, जिच्यातून परवानगी मागण्याआधीच १० वर्षे देशाबाहेर काढावी लागतात.

तोवर मुलालाच इकडे आणायचे झाले, तर १६ वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टासाठी सहसा दोन्ही पालकांची संमती लागते, आणि इकडे आलेल्या पालकाला ती रीतसर साक्षांकित करून पाठवावी लागते. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने त्या मुलाला भारतीय व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचे) कार्डही लागते. त्यामुळे मुलाच्या जन्मदाखल्याची आणि पालकांच्या भारतीय पासपोर्टांची प्रत इकडच्या आणि तिकडच्या, दोन्ही घरी असू द्यावी.