पुंगळीचा आवाज

सकाळी साडेसहाची वेळ, ॲरिझोनात फिनिक्सच्या बाहेर एक गॅरेज, शटर अर्धंच वर गेलंय आणि उन्हाची तिरीप बरोबर या बादलीवर आलीय. बादलीत काल नेमबाजीच्या रेंजवरून वेचून आणलेल्या पुंगळ्या, म्हणजे बार उडाल्यावर उरलेली काडतुसांची रिकामी पितळी कवचं आहेत, बहुतेक 9 एमएम पिस्तुलाच्या. अमेरिकेतले कितीतरी हौशी नेमबाज हेच पितळ घरी परत भरून वापरतात. आपल्याकडे 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं, त्यामुळे असं गॅरेज आपल्याला बघायला मिळत नाही.

आधी लोहचुंबक. काही पुंगळ्या दिसायला पितळी पण आतून स्टीलच्या असतात, बघा कशा टकाटक चिकटल्या, त्या बाजूला. मग ही आतली छोटी पुंगळी बघा, .22 ची, 9 एमएमच्या पोटात जाऊन बसलीय, वरून पटकन कळतही नाही. आणि ही .380, जाडी जवळपास तीच पण लांबी 17 मिलिमीटर, 9 एमएमची 19, म्हणून प्रत्येकीच्या बुडावरचा शिक्का वाचायचाच.

धुऊन पुसून मगच तपासणी, कारण काजळीखाली चीर लपते. आता हे नीट ऐका. मूठभर पुंगळ्या घेऊन हलवल्या की छान खणखणीत वाजतात, पण त्यात एक जरी तडकलेली असली तरी मधेच बद्द आवाज येतो, आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना अगदी तसंच. मग मूठ रिकामी करून एकेक बोटांत फिरवायची, दिव्याखाली, आणि ही बघा सापडली, तोंडापाशी केसाएवढी चीर. पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, बार उडाला की ते फुगून चेंबरला, म्हणजे पिस्तुलात काडतूस बसतं त्या जागेला, घट्ट चिकटतं आणि लगेच थोडं आकसतं म्हणून तर पुंगळी बाहेर निघते, पण दर वेळी फुगवा, डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबा, तोंड उघडा, परत आवळा, असं करत करत पितळ कडक होतं आणि एक दिवस तडकतं. किती वेळा वापरली याचा आकडा धरून बसू नका, पुंगळी हातात घेऊन बघा.

बुडाशी प्रायमरच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या, कडेने काळा डाग दिसला म्हणजे तिथून गॅस निसटलाय. नवीन प्रायमर जोर न लावता आत गेला तर खाच सैल झालीय, ती पुंगळी बाद. 9 एमएममध्ये दाब 35,000 पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला इतके पौंड) जातो, खराब पुंगळी फाटली तर पिस्तूल, बोटं, डोळे, सगळंच धोक्यात.

मशीन तासाला शेकडो काडतुसं भरून देईल, पण हे काम बोटांनी आणि कानांनीच करायचं, इथे वेळ वाचवायचा नाही असं मला मनापासून वाटतं.

बाद पुंगळीचं तोंड पकडीने चेपून टाकतात, म्हणजे ती चुकून परत बादलीत येणार नाही. भंगाराचा डबा बघा, अर्धा भरलाय.

आता पुढची मूठ. मी बोलत नाही, तुम्ही फक्त ऐका.