चेन ताणायची कुठे? सिंगलस्पीड माउंटन बाइकची फ्रेम आणि कन्व्हर्जन किट

मंडळी, गवळ्याची काळी सायकल डोळ्यांसमोर आणा. मागच्या चाकाचा ॲक्सल ज्या खाचेत बसतो ती आडवी असते, तोंड मागच्या बाजूला उघडं. चेन सैल झाली की दोन नट ढिले करायचे, चाक जरासं मागे ओढायचं आणि नट आवळायचे. आज आपण बोलतोय सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गिअरच्या, माउंटन बाइकबद्दल, पण तिथेही प्रश्न हाच आहे: चेन ताणायची कुठे?

गिअरच्या सायकलीत हे काम मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, करतो. त्याची स्प्रिंग चेनचा सैलपणा गिळते, म्हणून फ्रेमची खाच उभी असली तरी भागतं. डेरेलर काढलात की अशा फ्रेममध्ये चेन ताणायला जागाच उरत नाही. गिअरची सायकल सिंगलस्पीड करणारं कन्व्हर्जन किट ही उणीव भरून काढायला बघतं. त्यात एक कॉग (मागचं दातेरी चक्र) असतो, फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या कॉग बसणाऱ्या भागावर, त्याला हव्या जागी धरणारे स्पेसर (कड्या) असतात आणि डेरेलर जिथे अडकवतात त्या हँगरवर बसणारा, चेन ताणून धरणारा टेन्शनर असतो.

आता या सगळ्यावर जोर किती येतो ते पाहू. 75 किलोचा माणूस चढावर उभा राहून 175 मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) पूर्ण वजन टाकतो. 32 दातांच्या चेनव्हीलची (पुढच्या दातेरी चक्राची) त्रिज्या जेमतेम 65 मिमी. म्हणजे चेनवरची ओढ वजनाच्या 2.7 पट, जवळजवळ 200 किलो. हँडल वर खेचलं की आणखी. गिअरवाला अशा वेळी हलका गिअर टाकून बसून पायडल मारतो. सिंगलस्पीडवाल्याला ती सोय नाही.

किट नेमकं इथे उघडं पडतं. ज्या हँगरवर टेन्शनर बसतो तो मुद्दाम नरम ॲल्युमिनियमचा केलेला असतो, आपटलं तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. तो दोन मिलिमीटर वाकला की टेन्शनरची पुली रेषेबाहेर जाते आणि चेन उतरते. पावसाळ्यात सह्याद्रीतली तांबडी माती पुलीत भरली की स्प्रिंगही सुस्तावते. टेन्शनर घ्यायचाच तर चेनला खालून वर ढकलणारा घ्या, म्हणजे कॉगच्या जास्त दातांवर चेन बसते आणि जोरात दात सुटत नाहीत. दात सुटला की गुडघा थेट हँडलवर, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या कॅसेटमधला (गिअरच्या कॉगच्या संचातला) सुटा कॉग लावण्याचा मोह होतो. तो लावू नका. त्याचे दात चेन सहज दुसऱ्या कॉगवर जावी असेच कापलेले असतात. शिवाय पातळ कॉग ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुततो, मग काढताना चाबूक पाना (चेनचा तुकडा लावलेला पाना) लावून झगडावं लागतं. रुंद बुडाचा, पूर्ण उंचीच्या दातांचा कॉगच हवा.

चेन पुढून मागे सरळ धावते का, म्हणजे चेनची रेषा, मोजायची ती अशी. पुढे सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दातांपर्यंतचं अंतर घ्या. मागे हबच्या रुंदीचा निम्मा भाग घ्या, 148 मिमीच्या हबला 74, आणि त्यातून खाचेच्या आतल्या बाजूपासून कॉगपर्यंतचं अंतर वजा करा. दोन्ही आकड्यांत फरक 1 मिमीच्या आत आला पाहिजे. नाहीतर स्पेसर इकडचे तिकडे करा.

टेन्शनर टाळायचा म्हणून काहीजण उभ्या खाचेत नेमकी बसणारी दातांची जोडी शोधतात, जमलं नाही तर चेनमध्ये अर्धी कडी घालतात. नव्या चेनवर ते झकास चालतं. पण साधारण 100 कड्यांची, 1270 मिमीची चेन अर्धा टक्का झिजली की 6 मिमीहून अधिक लांबते. हा सगळा सैलपणा खालच्या बाजूला साठतो आणि तिथे चेन सुमारे 3 सेंमी लोंबते. मग चेन बदलण्यावाचून उपाय नाही. नेमक्या जोडीचं हे कौतुक असं थोड्याच महिन्यांत संपतं.

खास सिंगलस्पीड फ्रेममध्ये ताण फ्रेमच देते, पण ती कशी देते ते पाहूनच निवड करायची. सरकत्या ड्रॉपआउटची (ॲक्सल बसतो त्या खाचेच्या तुकड्याची) फ्रेम माझ्या मते सगळ्यांत बरी. त्यात खाचेचा अख्खा तुकडा सरकतो आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपरही (डिस्कला चिमटणारा भाग) त्याच्यासोबत सरकतो, त्यामुळे चेन ताणली तरी ब्रेक पुन्हा जुळवायला लागत नाही. कॉगचा एक दात बदलला तर ॲक्सल सुमारे 3.2 मिमी सरकतो. म्हणजे 15 मिमी सरकायला जागा असेल तर तीच चेन ठेवून तीन-चार दातांचा फरक पचतो. कोना युनिटमध्ये हीच रचना आहे.

मागे उघडणारी आडवी खाच सर्वांत साधी. तिच्यात त्रास डिस्कचा असतो. चाक मागे घेतलं की रोटर, म्हणजे चाकावरची डिस्क, कॅलिपरपासून हलतो, आणि जोर पडला की उजवीकडून ॲक्सल पुढे घसरतो. ॲक्सलला मागे धरून ठेवणारा स्क्रू, म्हणजे चेन ॲडजस्टर, लावला नाही तर हे होणारच. सर्ली कराटे मंकीच्या आडव्या खाचेत हबची जागा 145 मिमी ठेवली आहे, त्यात 142 आणि 148 दोन्ही बसतात.

तिसरा प्रकार विकेंद्री बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा ॲक्सल मध्यापासून बाजूला बसवलेल्या, फिरवता येणाऱ्या बेअरिंगच्या नळकांड्याचा. मागचं चाक जागचं हलत नाही, ब्रेक शाबूत राहतो. पण क्रँक वरखाली होतो, त्यामुळे सीटची उंची पुन्हा लावावी लागते. शिवाय धूळ शिरली की कुरकुर ठरलेली. शेलला (हे नळकांडं बसतं त्या फ्रेमच्या नळीला) चीर देऊन बोल्टने आवळणारी रचना घ्या. आतून स्क्रू रोवणारीत शेलला खड्डे पडतात.

कुठलीही रचना असली तरी ताण लावताना क्रँक पूर्ण फिरवून सर्वांत आवळ जागा शोधा. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. त्या जागी चेन मधोमध वरखाली मिळून सुमारे 10 मिमी हलली पाहिजे. याहून आवळलीत तर बेअरिंग मरतात.

मग किट घ्यावं कुणी? आपल्याला हा प्रकार जमतो का हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने. त्यालाही किटच्या आधी फुकटचा उपाय आहे. 29 इंची सायकलवर पुढे 32 दात असतील तर मागे 19 किंवा 21 वर गिअर ठेवायचा आणि दोन आठवडे नेहमीच्या वाटेवर शिफ्टरला हात लावायचा नाही. पुढची पायरी म्हणजे जुना डेरेलरच टेन्शनर म्हणून ठेवून चेन आखूड करायची आणि डेरेलरची हालचाल रोखणाऱ्या लिमिट स्क्रूने पुली कॉगच्या रेषेत अडकवायची. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला मात्र टेन्शनरच लागतो. सस्पेन्शन दबताना क्रँक आणि ॲक्सलमधलं अंतर बदलतं, त्यामुळे सस्पेन्शनचा मुख्य पिव्हट (फिरण्याचा सांधा) बॉटम ब्रॅकेटभोवतीच नसेल तर ठरावीक लांबीची चेन तिथे टिकत नाही.