तळणीच्या तेलाचं प्लास्टिक

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते कढईत उरलेल्या तेलाबद्दल. वडे, भजी, चकल्या तळून तळून काळपट आणि चिकट झालेलं तेल. त्यापासून प्लास्टिक बनतं, आणि ते बनवण्याच्या वाटाही एकापेक्षा जास्त आहेत.

मला सगळ्यांत भावलेला प्रयोग कॅनडातला आहे. टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो आवारात आंद्रे सिम्पसन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटर आणला. त्यात घालायचं द्रवरूप रेझिन, म्हणजे प्रकाश पडला की घट्ट होऊन प्लास्टिक बनणारा द्रव, खनिज तेलापासून बनतं आणि चांगलंच महाग पडतं. त्या रेझिनचे रेणू पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की हे तर खाद्यतेलातल्या मेदाच्या जवळचे आहेत. मग त्यांनी आसपासच्या फास्ट फूडच्या दुकानांकडे तळणीचं उरलेलं तेल मागितलं. होकार मिळाला तो मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेकडून. तिथून दहा लिटर तेल आलं.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं. तेलाचा रेणू म्हणजे तीन दात्यांचं दंताळं समजा. वरची आडवी पट्टी ग्लिसरॉलची, आणि खाली आलेले दाते म्हणजे मेदाम्लांच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्यांमध्ये काही ठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. नवीन काही जोडायचं असेल, तर ते याच जागी जोडता येतं. तळताना तेल तापलं, तरी यातले पुष्कळ बंध शाबूत राहतात. म्हणून खाण्याच्या दृष्टीनं निकामी झालेलं तेल रसायनज्ञाच्या दृष्टीनं निकामी नसतं.

सिम्पसन यांच्या गटानं तेलातले अन्नाचे कण काढून टाकले आणि दुहेरी बंधांच्या जागी अ‍ॅक्रिलेटचे गट जोडले. प्रकाश पडला की हे गट एकमेकांत गुंततात आणि द्रव घट्ट होतो. एक लिटर तेलातून सुमारे 420 मिलिलिटर रेझिन मिळालं. त्यातून त्यांनी एक फुलपाखरू छापलं. त्यावरचे बारकावे 100 मायक्रोमीटरपर्यंतचे होते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. 2019 च्या अखेरीस हे काम प्रसिद्ध झालं. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हे प्लास्टिक मातीत पुरलं, तेव्हा दोन आठवड्यांत त्याचं सुमारे 20 टक्के वजन घटलं. मुळात तो मेदच आहे, आणि मेद कसा पचवायचा हे मातीतल्या सूक्ष्मजीवांना ठाऊक आहे.

दुसरी वाट जीवाणूंची. काही जीवाणू भरपूर खायला मिळालं, पण नायट्रोजनसारखं एखादं पोषक द्रव्य कमी पडलं, की पेशीत पीएचबी नावाच्या पॉलिमरचा, म्हणजे मातीत विरणाऱ्या एका प्लास्टिकचा, साठा करतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मॉरिस लेम्वाँ यांनी जीवाणूंमधला हा पॉलिमर 1920 च्या दशकातच ओळखला होता. अडचण खर्चाची होती, कारण जीवाणूंना साखर खाऊ घालणं परवडत नव्हतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथे तळणीच्या तेलावर हेच जीवाणू वाढवण्याचं तंत्र विकसित झालं.

आणि तिसरी वाट मोठ्या कारखान्यांची. फिनलंडची नेस्टे कंपनी टाकाऊ तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढून टाकते. उरतात निव्वळ हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू. नॅफ्था म्हणजे खनिज तेलातून निघणारा हलका द्रव; त्याच्यासारखेच ते क्रॅकरमध्ये, म्हणजे उष्णतेनं रेणू तोडणाऱ्या भट्टीत, घातले की इथिलीन आणि प्रोपिलीन मिळतं, आणि त्यापासून नेहमीचं पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन. 2019 मध्ये जर्मनीत लायंडेलबासेल या कंपनीबरोबर हे व्यापारी प्रमाणावर करून दाखवलं गेलं.

इथे मात्र सावध व्हायला हवं. हे पॉलिप्रोपिलीन नेहमीच्या पॉलिप्रोपिलीनसारखं हुबेहूब असतं. जमिनीतून नवं खनिज तेल उपसावं लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण ते कुजत नाही. नाल्यात पडलं तर तिथेच राहणार. शिवाय क्रॅकरमध्ये खनिज तेलाचा आणि टाकाऊ तेलाचा असा दोन्ही प्रकारचा माल एकत्र जातो, त्यामुळे कोणता किती गेला याचा हिशेब एकूण वजनावरून ठेवतात. तुमच्या हातातला डबा नेमका तळणीच्या तेलाचाच आहे, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून ‘हरित प्लास्टिक’ असं कुणी म्हणालं, की मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो: ते कशापासून बनलं, आणि वापरून झाल्यावर त्याचं काय होणार? पहिल्याचं उत्तर चांगलं असलं, म्हणून दुसऱ्याचंही चांगलं असेलच असं नाही.

आपल्याकडे कच्च्या मालाची वाण नाही. 1 जुलै 2018 पासून देशात नियम आहे: तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढत जाणारी बिघाडाची द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेली, की ते तेल तळायला वापरायचं नाही. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी 2019 पासून त्याची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल अधिकृत संस्थेलाच द्यायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘रुको’ उपक्रमातून हे तेल बायोडिझेलकडे वळवलं जातं. ते उत्तमच आहे, कारण हेच तेल स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत पडलं, तर गरिबाच्या पोटात जातं. ही भीती मला प्लास्टिकच्या प्रश्नाहूनही मोठी वाटते.

पण डिझेल एकदा जळलं की संपलं. त्याच साखळ्या एखाद्या टिकाऊ वस्तूत किंवा मातीत विरणाऱ्या पॉलिमरमध्ये गेल्या, तर त्यांचं मोल वाढतं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेलांचा विभाग आहे आणि पॉलिमरचाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ज्ञानाची उणीव इथे नाही. उणीव आहे ती पाणी आणि गाळ न मिसळलेल्या, वेगळ्या डब्यात ठेवलेल्या आणि ठरल्या दिवशी उचलल्या जाणाऱ्या तेलाची. वडापावच्या गाड्यांपासून गृहसंकुलांपर्यंत हे तेल गोळा करणारी व्यवस्था महापालिकांनी सुक्या कचऱ्याच्या गाडीबरोबरच उभी करावी, अशी माझी मागणी आहे. आणि तोवर, श्रोतेहो, निवालेलं तेल मोरीत ओतू नका. गाळून बाटलीत भरा, आणि तुमच्या भागात ते नेणारी अधिकृत संस्था कोणती, याची चौकशी करा.