पावागडाचा दगड आणि समुद्राखालचं तेल

नमस्कार मंडळी! बडोद्यातून बोलतोय. मागे धूसर दिसतोय तो पावागड. गच्चीवर वारा सुटलाय, आवाज जरा सांभाळून घ्या.

महाकालीच्या दर्शनाला आपण ज्या दगडावरून चढतो, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. खंभातच्या आखातात हाच काळा दगड गाठायचा म्हटलं तर समुद्रतळाच्याही खाली खूप खोल जावं लागतं. कारण तिथला पट्टा मोठमोठ्या भ्रंशांच्या, म्हणजे जमिनीतल्या सरकलेल्या भेगांच्या, मधोमध खचत गेला आणि खचलेली जागा गाळाने भरत राहिली. एकावर एक थर.

त्यातला कामाचा थर म्हणजे खंभातचा काळा शेल, म्हणजे चिखल दबून झालेला दगड. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव आणि झाडपाला चिखलात गाडला गेला, पुरता कुजलाच नाही. वरून गाळ चढत गेला, खालचा चिखल दबला, तापला. साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटतं. आणखी तापलं की गॅस.

आता, समुद्राखाली तेलाचं तळं असतं असं अजूनही अनेकांना वाटतं. तळंबिळं काही नाही हो! भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं तेल दगडाच्या छिद्रांत असतं. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर सरकतं. वाटेत घट्ट थर आडवा आला आणि खालचा दगड घुमटासारखा वाकलेला असला, की माथ्याशी साठतं. घुमट मात्र आधी तयार व्हायला हवा. उशिरा झाला तर तेल केव्हाच निसटलेलं असतं.

हे घुमट शोधायला जहाज पाण्यात दाबाखालची हवा फटकन सोडतं. त्याचा आवाज थराथरावर आपटून परततो आणि मागे ओढत नेलेल्या लांबलचक केबलमधले हायड्रोफोन तो टिपतात. यातून थरांचा आकार कळतो. तेल आहे की नाही, ते विहीर खोदल्यावरच. 1970 साली आपल्या आखातात अलियाबेटला खोदलं. 1974 साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर, भर समुद्रात मुंबई हाय शोधलं. तिथलं बहुतेक तेल चुनखडकात आहे.

आणि आता माझा आवडता भाग. खोदताना लाव्हा लागला की गाळाचे थर संपले. लाव्ह्यात तेल कुठून येणार? पण इथून जवळच, पादरा गावाजवळ, त्याच लाव्ह्यात तेल मिळालं! ते तयार तिथे झालेलं नाही. शेजारच्या खोल भागातल्या शेलमधून निघालं, कडेकडेने वर चढलं आणि उंचावरच्या या दगडाच्या भेगांत शिरलं. पंचाईत अशी, की या भेगा इतक्या बारीक असतात की आवाजाच्या नकाशात धड दिसत नाहीत. मग एका विहिरीला तेल लागतं आणि शेजारची कोरडी निघते.