लुइझियानाला जाल तेव्हा भात मागा

श्रोतेहो, नमस्कार.

लेक-जावई किंवा मुलगा-सून ह्यूस्टनला असतात, म्हणून दोन-तीन महिने तिकडे राहून येणारे आईवडील आता आपल्याकडे खूप आहेत. आज मला मुख्यतः त्यांच्याशी बोलायचंय. ह्यूस्टनहून गाडीनं पूर्वेला निघालात, की तीन-साडेतीन तासांत लुइझियाना राज्यातलं लाफाएट येतं आणि आणखी दोन-अडीच तासांनी न्यू ऑर्लिन्स. बहुतेक मंडळी न्यू ऑर्लिन्सला जातात, जुन्या घरांचे नक्षीदार लोखंडी सज्जे बघतात, मिसिसिपीच्या काठी फोटो काढतात आणि रात्री ओळखीचा पिझ्झा खाऊन झोपतात. याचं मला फार वाईट वाटतं. कारण जेवणात भात हवाच, असं मानणारा मुलूख अमेरिकेत शोधायचा, तर तो हाच.

सुरुवात गम्बोनं, म्हणजे तिथल्या दाट रश्श्यानं करा. मी तो पहिल्यांदा पाहिला लाफाएटजवळच्या एका घरी. यजमानीणबाईंनी जाड बुडाच्या बिडाच्या पातेल्यात तेल आणि तेवढाच मैदा घेतला आणि मंद आचेवर लाकडी कालथ्यानं ढवळायला सुरुवात केली. याला ते लोक ‘रू’ म्हणतात. आधी पांढरट, मग लाडवाच्या बेसनासारखा बदामी रंग आला. मी म्हटलं, “झालं की!” त्यांनी मान हलवली. पुढे तो विटकरी झाला, घरभर खमंग वास सुटला, तरी हात थांबेना. पाऊण तासानं रू चॉकलेटसारखा गडद झाला, तेव्हा कुठे त्यांनी चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकदम आत लोटली. चर्र आवाज झाला आणि बाई पहिल्यांदा हसल्या. रू जरा जरी करपला, काळे कण दिसले, तर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची या तिघांना तिथे ‘होली ट्रिनिटी’, म्हणजे पवित्र त्रयी म्हणतात. आपल्याकडे आलं-लसूण-मिरचीचा जो मान, तोच त्यांचा. मग रस्सा, कोंबडी, धूर दिलेलं आंदुई सॉसेज. वाढताना खोलगट ताटलीत भात आणि त्यावर गम्बो.

गम्बो हे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडलं, असं मानतात. भेंडी तिथे आली ती गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. रू फ्रेंचांचा. भेंडीचा हंगाम नसला, की दाटपणासाठी ‘फिले’ घालतात, म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती तिथल्या मूळ रहिवाशांची, चॉक्टॉ लोकांची. फिले गॅस बंद केल्यावरच घालायची; उकळली तर रस्सा तार सुटून बुळबुळीत होतो. एका वाडग्यात तीन खंडांची माणसं भेटतात, आणि त्यांतली सगळी तिथे आपल्या मर्जीनं आलेली नव्हती. गम्बो खाताना मला हे विसरता येत नाही.

न्यू ऑर्लिन्सला गेलात तर डूकी चेस या उपाहारगृहात जरूर जा. लीआ चेस यांनी अनेक दशकं तिथलं स्वयंपाकघर सांभाळलं. कृष्णवर्णीयांनी आणि गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणं कायद्यात बसत नव्हतं, त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्हीकडची माणसं त्यांच्या माडीवर एकत्र बसून जेवली, पुढच्या लढ्याची आखणी केली. लीआबाई 2019 मध्ये, 96 व्या वर्षी गेल्या. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिथे पालेभाज्यांचा हिरवा गम्बो करतात.

शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. त्या हिरव्या गम्बोतही मांस असतं. पालेभाजीत, घेवड्यात, कशातही डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो. मागवण्याआधी स्पष्ट विचारा. विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही.

सोमवारी तिथे असाल तर ‘रेड बीन्स अँड राइस’ खा. सोमवार हा पूर्वी कपडे धुण्याचा दिवस. बायका दिवसभर पाण्यात, म्हणून रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाड घालून राजम्यासारखे दाणे चुलीवर ठेवून द्यायचे. ते आपले आपण शिजत, मिळून येत. जॅझचा प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच न्यू ऑर्लिन्सचा. पत्राखाली सही करताना तो ‘आपला रेड-बीन्स-आणि-राइसपूर्वक’ अशा अर्थाचं लिहायचा, इतकं हे जेवण त्याच्या मनात घर करून होतं.

मार्च ते मे या दिवसांत गेलात तर क्रॉफिश चुकवू नका. गोड्या पाण्यातला हा जीव इवल्याशा शेवंडीसारखा दिसतो. भाताचं पीक निघालं, की पुष्कळ शेतकरी त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. मोठ्या हंड्यात तिखट मसाला, मक्याची कणसं, बटाटे यांच्याबरोबर उकळून ते टेबलावर पसरलेल्या कागदावर सरळ ओततात. काटे-चमचे नाहीत. शेपूट पिळून वेगळी करायची, कवच सोलायचं आणि डोकं चोखायचं. कोकणात चिंबोऱ्या खाल्लेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. लाफाएटशेजारचं ब्रो ब्रिज हे गाव तर स्वतःला क्रॉफिशची जागतिक राजधानीच म्हणवतं.

पो’बॉय म्हणजे पावात तळलेली कोळंबी किंवा कालवं भरून केलेलं सँडविच. 1929 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ट्राम कामगारांचा संप झाला, तेव्हा आधी स्वतः ट्रामवर काम केलेल्या मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविच खाऊ घातली. ‘आला बघ आणखी एक पुअर बॉय’ यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

आणि सकाळी न्यू ऑर्लिन्सचं कॅफे दु मोंद. 1862 पासून चालू आहे. बेन्ये म्हणजे आंबवलेल्या मैद्याच्या चौकोनी, फुगलेल्या पुऱ्या, वर पिठीसाखरेचा ढीग. काळे कपडे घालून जाऊ नका. सोबतच्या कॉफीत चिकोरी असते, आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत घालतात तीच. तिथे मी पहिला घोट घेतला आणि माटुंग्याच्या हॉटेलातली वाटी-पेल्यातली कॉफी आठवली. दूध गरम, कॉफी कडू, आणि बोटांना अजून साखर चिकटलेली.