आधी टोक बघा

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'गळाला धार कशी लावावी' असा. ते मी सांगणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी लगेच होकार दिला. गळाचं टोक पाण्याकाठीच, दर थोड्या वेळाने, हातात घेऊन बघायला हवं. घरी बसून मोसमाच्या सुरुवातीला एकदा केलेली डागडुजी पुरत नाही.

एक विचारतो. गेल्या वर्षभरात ज्यांनी नवी रॉड किंवा नवं रीळ घेतलं त्यांनी हात वर करा. वा, जवळजवळ सगळं सभागृह! आता मागच्या खेपेला मासे गरवत असताना ज्यांनी गळाचं टोक नखावर घासून पाहिलं, त्यांनीच हात वर ठेवा. मागच्या रांगा तर एकदम खाली आल्या. पुढे बसलेल्या एका आजोबांचा हात तेवढा वर आहे. आजोबा, नमस्कार. तुम्ही शेवटपर्यंत थांबा, मला तुमचा गळांचा डबा बघायचा आहे.

आपण खर्च कशावर करतो बघा. रॉड, रीळ, तंगुसाची दोरी, आमिष. या सगळ्यांचं काम एकच, गळ माशाच्या तोंडापर्यंत नेऊन पोचवणं. तोंडात रुतणारी वस्तू मात्र एकच आहे आणि तिचा निर्णायक भाग मिलिमीटरभराचाही नाही. शाळेत आपण शिकलो, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा टोकाची जाडी 0.05 मिलिमीटर होती, ती झिजून 0.1 झाली. जाडी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तेवढ्याच जोराने तुम्ही हिसका दिलात तर दाब पाव उरला! डोळ्याला हा फरक दिसतसुद्धा नाही.

आणि तो हिसका तरी गळापर्यंत किती पोचतो? नायलॉनची दोरी ताणली जाते, भिजल्यावर जास्तच. 30 मीटर दोरी बाहेर आहे आणि ती दहा टक्के जरी ताणली गेली, तरी 3 मीटर तिथेच गेले. वर रॉड वाकते, मध्ये पाण्यात दोरीला झोळ पडलेला असतो. खांद्यापासून हात मागे नेला तरी तळाशी गळाला जाणवतो तो एक ओढता स्पर्श. विणलेली दोरी कमी ताणते हे कबूल. पण टार्पनसारख्या माशाचं तोंड आतून हाडासारखं टणक असतं, तिथे बोथट टोक नुसतं घसरत जातं. अणकुचीदार टोकाला मासा स्वतःच वळताना रुतवून घेतो. टोकामागचा, गळ निसटू न देणारा उलटा दात पूर्ण आत जायला हवा असेल तर आणखी जोर लागतो. म्हणून पुष्कळजण पक्कडीने तो दात चेपून टाकतात. गळ सहज शिरतो, मासा सोडायचा असेल तर सहज निघतोही. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे.

आता माझी जुनी तक्रार. एकदा नावेत आमच्याबरोबर एक गृहस्थ होते. सकाळपासून त्यांच्या गळाला मासे लागत होते आणि सुटत होते. दोन क्षण रॉड वाकायची, मग सैल. पहिला सुटला तेव्हा ते म्हणाले, आमिष मोठं झालं. आमिष लहान केलं. दुसरा सुटला, तर दोरी जाड आहे. अर्धा तास बसून दोरी बदलली, आणि गळ? तोच, जुन्या दोरीतून सोडवून नव्या दोरीला बांधला! मग नाव हलवायला लावली. मग म्हणाले, आज मासे अर्धवट तोंड लावताहेत. माशाला दोष दिला, पाण्याला दिला, वाऱ्याला दिला. शेवटी मी म्हटलं, "काका, तो गळ जरा इकडे द्या." तर म्हणाले, "अहो, गळ नवा आहे, कालच पाकीट फोडलंय."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते ऐकलं की मला राहवत नाही. नवा असेल हो! पण सकाळपासून तो खडकाळ तळावरून ओढला जात होता. मी तो भिंगाखाली धरला. टोक एका बाजूला वळून त्याचा बारीक आकडा झाला होता आणि त्याच्या पाठीवर दगडाने घासलेली चकचकीत जागा दिसत होती. दांडीवरचा मुलामा मात्र अगदी कोरा. लांबून बघाल तर नवाच गळ. त्या टोकाने माशाचा ओठ फाटला असेल, पण ते रुतलं नाही. मला माशाचंही वाईट वाटतं. तोंड फाटून सुटलेला मासा आपल्या हिशेबात 'सुटला', एवढाच असतो. त्याच्या हिशेबात ती जखम आहे. अणकुचीदार गळ लवकर शिरतो, नीट धरतो, कमी फाडतो. ज्यांना मासे धरून सोडायचे असतात त्यांना तर टोकाची काळजी जास्त हवी.

ही काळजी आजची नाही. जपानमध्ये ओकिनावातल्या साकितारी गुहेत सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे गळ सापडले. समुद्री गोगलगायीच्या शंखाचे, घासून घडवलेले. त्यांतला एक अर्धवट घडवलेला आहे. मला तो पुऱ्या झालेल्या गळाइतकाच आवडतो, कारण टोक काढता काढता कुणीतरी तो हातातून खाली ठेवला. पुढे धातू आला. इंग्लंडमधलं रेडिच हे सुया बनवणाऱ्यांचं गाव, तिथेच गळांचेही कारखाने उभे राहिले. टोक काढायची विद्या दोन्हीकडे तीच ना! तार मऊ असतानाच कारागीर कानशीने टोक काढायचा, सुरीने उलटा दात उचलायचा, मग बाक द्यायचा आणि शेवटी तापवून, विझवून पोलाद कडक करायचा. नॉर्वेत 1877 च्या सुमारास हे काम करणारं यंत्र आलं. नंतर आम्लात बुडवून टोक बारीक करायची पद्धत रूढ झाली. पाकिटावर 'केमिकली शार्पन्ड' लिहिलेलं असतं ते हेच. ही टोकं विलक्षण तीक्ष्ण असतात, पण तळाचा दगड लागून तीही बोथट होतातच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणताहेत. बरं, मग जे छापलंय ते भराभर सांगतो, लिहून घ्यायचं तर घ्या.

तपासणी नखावर. दांडी सैल धरा, टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवा, न दाबता सरकवा. टोक जागीच अडकलं, पांढरी बारीक रेघ उठली, तर ठीक. घसरलं तर बोथट. एका दिशेने अडकतं आणि दुसऱ्या दिशेने घसरतं, तर टोक वळलंय. तळाला अडकून सुटलं की तपासा, मासा काढला की तपासा.

मोठ्या गळाला बारीक दातांची कानस, लहानाला डायमंडची पट्टी. गळ बाकाजवळ पक्कडीत धरा, बोटांत नको. उलट्या दाताकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. मागेपुढे खरवडू नका. आधी दोन्ही अंगांना सपाटी काढा, मग पाठीला. तीन सपाट्या टोकाशी मिळाल्या की झालं. मोठ्या गळाला चार चालतात. शेवटचे हात अगदी हलके, म्हणजे कडेला उठलेली कीस निघून जाते. टोक लांब आणि सुईसारखं बारीक करायचा मोह आवरा, ते पहिल्याच हाडावर वळेल. मार्करने टोक आधी रंगवलंत तर कानस कुठे लागतेय ते दिसतं. घासल्यावर पुन्हा रंगवा, मुलामा गेलेल्या जागी गंज जरा उशिरा धरतो. अगदी लहान गळ घासत बसू नका, बदला. झिजून टोक दाताजवळ आलं असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर मोठाही टाका, पण पाण्यात किंवा काठावर नको, झाकणाच्या डबीत.

डब्याचं सांगायचं राहिलं. वापरलेला ओला गळ कोरड्या गळांत परत टाकू नका, एक ओला गळ सगळा कप्पा गंजवतो. खाऱ्या पाण्यातून आलेला गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच झाकण लावा. आणि गळ सुटे ठेवू नका, एकमेकांवर आपटून टोकं मरतात.

सर्कल हूकबद्दल, म्हणजे टोक आत वळलेल्या गोलसर गळाबद्दल, कुणीतरी खुणेने विचारतंय. त्यालाही टोक तीक्ष्णच लागतं. त्यात हिसका द्यायचा नसतो, नुसता ताण ठेवायचा, आणि गळ फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तिथे बोथट टोक भरून काढायला तुमच्याकडे हिसकासुद्धा नाही.

भिंग, दोन कानशी आणि मार्कर त्या टेबलावर ठेवलेत. ज्यांनी डबे आणलेत त्यांनी पुढे या. तीन टोकांचे गळ असतील ते आधी द्या, त्यांतलं प्रत्येक टोक वेगळं बघावं लागतं.