ओटीपी नसलेल्या ॲपला ओटीपीची तक्रार

(दृश्य : नागपूर, आयटी पार्कचा रस्ता. संध्याकाळ. खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी.)

कंपन्या सुटल्या की इथे पोट्ट्यांची गर्दी होते. यातले काही जण रात्री घरी पुन्हा लॅपटॉप उघडतात, ते स्वतःच्या ॲपसाठी. कुणाचं ॲप संत्र्याच्या बागायतदारांसाठी, कुणाचं शिकवणीच्या हजेरीचं. गुगलकडे एकदा 25 डॉलर भरले की प्ले स्टोअरवर डेव्हलपरचं खातं उघडतं. ॲप लोकांपर्यंत पोचणार की नाही, याची बरीचशी मदार मग रेटिंगवर.

(दृश्य : प्ले कन्सोलचा, म्हणजे डेव्हलपर जिथून आपलं ॲप सांभाळतो त्या पानाचा पडदा, जवळून.)

डेव्हलपरला इथे रिव्ह्यूसोबत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती दिसते. 'नेट गेलं की हजेरी सेव्ह होत नाही' असं कुणी चिडून लिहिलं, तरी दोष कुठे शोधायचा ते कळतं. अशी तक्रार लाखमोलाची. आणि मग असा एखादा रिव्ह्यू येतो : 'ओटीपी येतच नाही, फ्रॉड ॲप.' एक स्टार. या ॲपमध्ये ओटीपी नाहीच! लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेलं नसतं.

हिशेब करून बघा. 40 जणांनी मिळून सरासरी 4.5 दिली आहे. त्यात दहा खोटे एक-स्टार पडले की सरासरी 3.8. शिवाय 2019 पासून प्ले स्टोअर ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, त्यामुळे घसरण याहून मोठी दिसू शकते. लाखो वापरकर्ते असलेल्या कंपनीला दहा स्टार जाणवतही नाहीत. एकट्याने ॲप चालवणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडतं.

नुसत्या संतापातूनही असे खोटे स्टार पडतात. एप्रिल 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याच्या कथित वक्तव्यावर भारतीय भडकले, आणि नावातल्या साधर्म्यामुळे काहींनी स्नॅपडील या खरेदीच्या ॲपलाच एक स्टार दिला. मे 2020 मध्ये टिकटॉकवर असाच मारा झाला, तेव्हा गुगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकले. छोट्या ॲपवरच्या दहा रिव्ह्यूंची बातमी होत नाही.

विकत घेतलेले पाच स्टारही तेवढेच घातक. 'घरबसल्या कमाई' म्हणून टेलिग्रामवर रेटिंगची कामं वाटली जातात. 'नाइस ॲप', 'व्हेरी गुड' अशा ओळींचा ढीग पडतो, त्याखाली कामाची तक्रार गाडली जाते आणि प्रामाणिक डेव्हलपर शोधात मागे पडतो. आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

(दृश्य : उत्तराची चौकट, लुकलुकणारा कर्सर.)

डेव्हलपरच्या हातात काय? रिव्ह्यू रिपोर्ट करणं आणि 350 अक्षरांत जाहीर उत्तर देणं. मजकूर न लिहिता नुसता स्टार दिला असेल, तर उत्तरही देता येत नाही.

भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. तिथे खोटे रिव्ह्यू विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला दंड होऊ शकतो. आपल्याकडेही सक्ती हवी, आणि तिच्यात ॲप स्टोअर स्पष्टपणे धरलेली हवीत. रिपोर्ट केलेला रिव्ह्यू का ठेवला, हे डेव्हलपरला ठरलेल्या मुदतीत, कारणासकट कळलं पाहिजे.